गल्लीने मिळून सोलर घ्यायचं, तर फायदा नेमका कशात असतो?

नेरूळच्या एका ताईंनी विचारलंय: "आमच्या गल्लीत अठरा रो-हाऊस आहेत. दोन घरांनी तीन किलोवॉट सोलरची कोटेशनं आणली, दोन्हींत पन्नास हजारांचा फरक. आता सगळे म्हणतायत की एकत्रच घेऊ, स्वस्त पडेल. खरंच पडतं का? की नंतर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाईटपणा येतो? काही घरं एकमजली आहेत, काहींनी वर मजला चढवलाय, दोन गच्च्यांवर पत्र्याची शेड आहे."

ताई, एकत्रच घ्या. फक्त तुमची गल्ली ज्या कारणाने एकत्र येतेय, म्हणजे स्वस्ताई, ते कारण माझ्या लेखी बरंच खालचं आहे. ठाणे आणि नवी मुंबईत घरांवर आणि सोसायट्यांवर सोलर बसवायचं काम मी चौदा वर्षं करतोय. एकेकटी घरं केली, गल्लीच्या गल्ली केल्या. पाच वर्षांनी त्या गच्च्यांवर पुन्हा गेलो की जो फरक दिसतो तो कोटेशनमधल्या आकड्याचा नसतो.

तरी बैठकीत पहिला प्रश्न पैशाचाच येणार, म्हणून तो आधी संपवू. आपण उन्हाळ्यात कोकणातल्या बागायतदाराकडून आंब्याच्या पेट्या मिळून मागवतो, तेव्हा जे होतं तेच इथे होतं. तीन किलोवॉटच्या घराला हल्लीची 540-550 वॉटची सहा पॅनेल लागतात. कारखान्यातून पॅनेल येतात ती पॅलेटवर रचून, एका पॅलेटवर तीस-पस्तीस. एका घराचं काम असेल तर कंत्राटदार डीलरकडून सहा नग सुटे उचलतो आणि सुट्या मालाचा भाव देतो. पाच-सहा घरं झाली की अख्खं पॅलेट उचलता येतं. टेम्पो एकदाच येतो. फिटरची टोळी सकाळी गल्लीत शिरली की एका गच्चीवरचं आटपून थेट शेजारच्या गच्चीवर जाते, मधला प्रवासाचा वेळ वाचतो. महावितरणच्या सब-डिव्हिजनला एका फाइलसाठी जितक्या खेपा, जवळपास तितक्याच अठरा फाइलींसाठी. आणि एक खर्च लोकांच्या लक्षात येत नाही. कंत्राटदार पाच घरी जातो, गच्ची मोजतो, समजावून सांगतो, तेव्हा एक घर होकार देतं. उरलेल्या चार घरांचे फेरे होकार देणाऱ्याच्या कोटेशनमध्ये बसलेले असतात. गल्ली स्वतःहून आली तर हा खर्चच उडतो.

अमेरिकेत पोर्टलंडच्या शेजाऱ्यांनी 2009 मध्ये हेच केलं. मिळून निविदा मागवल्या, एक कंत्राटदार निवडला, नाव नोंदवायला शेवटची तारीख ठेवली आणि सहा महिन्यांत सव्वाशेहून जास्त घरांवर सोलर बसवलं. पुढे तिकडच्या कितीतरी गावांनी ती पद्धत उचलली. तिथेही लोकांना अडवत होता तो नुसता भाव नव्हे, गोंधळही. कोणावर विश्वास ठेवायचा, कुठलं पॅनेल घ्यायचं, कागदपत्रं कोण करणार. शेजारी सोबत असला की ते ओझं विभागलं जातं.

अनुदानाबद्दल मात्र एक गैरसमज आताच काढून टाका, कारण तो प्रत्येक बैठकीत निघतो. एकत्र घेतल्याने अनुदान वाढत नाही. फेब्रुवारी 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. पुढे कितीही किलोवॉट बसवा, आकडा तोच. सोसायटीचा जो दर आहे, किलोवॉटला 18,000, तो लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक मीटरसाठी आहे. तुमच्याकडे प्रत्येक घराचं स्वतंत्र मीटर आहे, म्हणजे तुम्हाला वरचा, चांगला दर लागू. म्हणून खरेदी मिळून करा, अर्ज मात्र प्रत्येकाने आपापल्या ग्राहक क्रमांकावर करा. एका गल्लीने उत्साहात "संघ" म्हणून अर्ज करायचं ठरवलं होतं, वेळेवर कळलं म्हणून थांबवता आलं. अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होतं, कंत्राटदाराकडे जात नाही. योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे, तेव्हा बैठका दोन पावसाळे लांबवू नका. हातातली कोटेशनं जुनी असतील तर जीएसटी तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या मालावरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. माल आणि काम धरून संपूर्ण यंत्रणेवर पूर्वी 13.8 टक्के पडायचे, आता 8.9 पडतात. तीन किलोवॉटच्या एका घराला एवढ्यानेच काही हजारांचा फरक पडतो.

आता तुमच्या त्या पन्नास हजारांच्या फरकाकडे येतो. एकत्र येण्याचा पहिला खरा फायदा इथे आहे.

दोन्ही कोटेशनांवर "3 किलोवॉट, ऑन-ग्रिड (म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं), संपूर्ण काम" एवढंच लिहिलेलं असणार. खाली काय आहे ते एकट्या माणसाला विचारता येत नाही, कारण काय विचारायचं हेच माहीत नसतं. अठरा घरांत एक तरी निवृत्त इंजिनीअर असतो, एखादा एमआयडीसीत मेंटेनन्सला असतो, एखादी ताई हिशेबाला पक्की असते. तुम्ही मिळून मागणीचा एकच कागद तयार करा आणि तोच चार कंत्राटदारांना द्या. पॅनेल कुठली? अनुदानाला भारतीय बनावटीचे सेल असलेलीच, म्हणजे डीसीआर पॅनेल लागतात आणि ती महाग असतात. स्वस्त कोटेशनमध्ये हेच गाळलेलं असू शकतं. इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राची, वॉरंटी पाच वर्षं की दहा? अर्थिंगचे खड्डे तीन की एक? तीन लागतात: स्ट्रक्चरचा (पॅनेल ज्यावर बसतात त्या लोखंडी सांगाड्याचा) आणि पॅनेलचा एक, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा एक, आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या तडितरक्षकाचा स्वतंत्र. केबल तांब्याची की ॲल्युमिनियमची?

आणि स्ट्रक्चर. यावर मी जरा थांबतो, कारण तुम्ही नेरूळला राहता. खाडीचा वारा तुमच्या गच्चीवर मीठ आणून टाकतो. चार वर्षांपूर्वी पाम बीच रस्त्याच्या बाजूच्या एका घरी मला बोलावलं होतं, "वीज कमी बनते, बघा" म्हणून. यंत्रणा दुसऱ्याने बसवलेली, तीन पावसाळे झालेली. पॅनेल ठीक होती. मी खालच्या पायाचा एक बोल्ट पान्याने नुसता सैल करायला गेलो तर तो तुटून हातात आला, आत लालभडक, खडूसारखा भुसभुशीत. सगळ्या नटबोल्टची तीच गत. पायाच्या पाइपावर वरून रुपेरी रंग मारलेला, खाली गॅल्व्हनायझिंग, म्हणजे गंज रोखणारा जस्ताचा थर, नव्हतंच. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. तशा दिवशी ते पॅनेल शेजारच्या अंगणात गेलं असतं. एका पॅनेलचं वजन तीसेक किलो असतं.

म्हणून कागदावर लिहा: पाइप हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेले (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले), 80 मायक्रॉन थर, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे 304 ग्रेडचे. माल आला की मायक्रॉन मोजायचं छोटं यंत्र कंत्राटदाराकडून मागवून अंगणातच मोजून घ्या. एका घराने हे मागितलं तर कंत्राटदार हसून वेळ मारून नेतो. अठरा घरांनी मागितलं तर यंत्र घेऊन येतो. गाव करी ते राव काय करी, हे मी या धंद्यात डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरा फायदा रो-हाऊसवाल्यांनाच मिळतो आणि तो पैशात मोजताच येत नाही. तो म्हणजे सावलीचा करार.

सिडकोच्या रो-हाऊसांची भिंत सामाईक असते, गच्चीला गच्ची लागून. तुम्ही आज सहा पॅनेल बसवली आणि दक्षिणेकडच्या शेजाऱ्याने तीन वर्षांनी मजला चढवला किंवा टाकी उंच केली, की तुमची हिवाळ्यातली बरीच वीज गेली. साध्या स्ट्रिंग इन्व्हर्टरवर पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, एका पॅनेलवर सावली आली तरी माळेतल्या बाकीच्यांवर परिणाम होऊ शकतो. कोपरखैरण्याच्या एका गल्लीत आम्ही गच्च्या मोजायला गेलो तेव्हा पाच घरांचा पुढे मजला चढवायचा विचार होता. कोणी कोणाला बोललं नव्हतं. सगळ्यांसमोर नकाशा मांडल्यावर एकेकाने सांगितलं. मग ठरलं की ज्यांना मजला चढवायचाय त्यांनी आधी चढवावा किंवा स्ट्रक्चर पुढे उचलता येईल असं करून घ्यावं. उत्तरेकडच्या घरांची पॅनेल सामाईक भिंतीपासून लांब सरकवली, दोन टाक्या शेजाऱ्याच्या पॅनेलवर सावली पडणार नाही अशा जागी हलवल्या. टाकी हलवायला प्लंबरचे काही हजार गेले, तेही घरमालकाने स्वतःहून दिले, कारण समोर शेजारी बसला होता आणि त्याच्या पॅनेलवर सावली कुठे पडते ते कागदावर दिसत होतं. हेच वर्षभराने वेगवेगळ्या कामांत झालं असतं तर भांडण ठरलेलं. तुम्ही वाईटपणा येईल का म्हणून विचारलंत. माझ्या मते वाईटपणा एकेकटं बसवण्यातून जास्त येतो.

गच्च्या बघताना सूर्य आपल्याकडे कसा फिरतो ते ध्यानात ठेवा. मेच्या मध्यात भर दुपारी तो बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली. म्हणून मे महिन्यात गच्ची बघून "सावलीच नाही" म्हणणारा माणूस चुकतो. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला जेमतेम 47 अंशांवर चढतो. कठडा किंवा टाकी जितकी उंच, जवळपास तितकीच लांब सावली दुपारी बारा-साडेबारालाही पडते आणि सकाळी नऊला तर त्याहून कितीतरी लांब.

तिसरा फायदा माझ्या मते सगळ्यांत मोठा: बसवल्यानंतरची वर्षं. आंब्याची पेटी आठवड्यात संपते. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते आणि त्या काळात इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागतो. योजनेत नोंदणी असलेल्या कंत्राटदाराने पाच वर्षं देखभाल करून द्यायची असते. कागदावर सगळेच देतात.

ऐरोलीचे एक आजोबा आहेत, त्यांच्या घरी मी नंतर गेलो. एकट्याने बसवलं होतं, दुसऱ्या कोणाकडून. जूनच्या अखेरीस इन्व्हर्टरवर लाल दिवा आला. पावसाळ्यात वीज कमीच बनते, म्हणून त्यांना महिनाभर कळलंच नाही. कळल्यावर फोन केले. "माणूस पाठवतो" असं उत्तर. ऑगस्टभर तेच. त्यांनी वहीत प्रत्येक फोनची तारीख लिहून ठेवली होती, पानभर. बिघाड किरकोळ होता, डीसी बाजूचा एक कनेक्टर ओला होऊन जळला होता, अर्ध्या तासाचं काम. पण एका घरासाठी कोणी येत नव्हतं. याउलट घणसोलीच्या एका गल्लीत बारा घरांचं काम मी केलंय. तिथे एका घराची वीज घसरली तर त्यांना त्याच दिवशी कळतं, कारण बाराजण रोजचे युनिट एकाच व्हॉट्सॲप गटात टाकतात. सगळ्यांचे तेरा, एकाचे सहा, तर दोष ढगांचा नाही, गच्चीवरचा आहे हे कुणालाही समजतं. फोनही बारा घरांच्या वतीने येतो. खरं सांगतो, मी स्वतः कंत्राटदार आहे: त्या फोनला मी अर्ध्या तासात उलट फोन करतो, कारण पुढची अख्खी गल्ली त्यांच्याच शब्दावर मिळणार असते.

धुण्याचंही तसंच. आपल्याकडे बांधकामाची धूळ आणि कबुतरं या दोन गोष्टी वीज खातात. पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत दोन आठवड्यांतून एकदा तरी काच धुवावी लागते, साध्या पाण्याने, सकाळी लवकर, काच तापायच्या आत. एका घरासाठी माणूस मिळत नाही, अठरा घरांसाठी महिन्याच्या बोलीवर मिळतो. कबुतरांसाठी पॅनेलच्या चारही बाजूंना जाळी सुरुवातीलाच लावून घ्या. नंतर लावायची म्हटली तर आधी खालची घरटी काढावी लागतात, ते फार वाईट काम आहे.

एक तांत्रिक मुद्दा थोडक्यात सांगतो. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या अठरा घरांनी भर दुपारी एकदम वीज लाइनमध्ये सोडली आणि बहुतेक घरं एकाच फेजवर (लाइनच्या तीन तारांपैकी एकाच तारेवर) असली, तर लाइनचं व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. वेगवेगळे बसवलेल्यांना वाटतं, आपलाच इन्व्हर्टर खराब. मिळून बसवताना आधीच यादी करून सब-डिव्हिजनला एक पत्र द्या: इतकी घरं, इतके किलोवॉट, अमुक खांबावरून जोडण्या, फेज वाटून द्याव्यात. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळ्या तांत्रिक तपासणीची अट नाही, त्यामुळे फेजवाटपाचं कोणी आपणहून बघेल असं धरू नका. तुम्हीच लक्षात आणून द्या.

आता किती किलोवॉट घ्यायचं. मिळून घेताना हमखास होणारी चूक म्हणजे "सगळ्यांना तीन-तीन". भाव एक ठेवा, आकार वेगवेगळा. आपल्याकडे एका किलोवॉटचे वर्षभरात सरासरी रोज चार युनिटच्या आसपास होतात, म्हणजे तीन किलोवॉटचे वर्षाला चार हजारांच्या थोडे वर किंवा खाली. मार्च ते मे भरपूर, जुलैत निम्मे किंवा त्याहून कमी. महावितरणचं बिल टप्प्यांनी चढतं: शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. सोलरचं युनिट बिलातल्या सर्वांत महागड्या टप्प्यातून आधी वजा होतं. म्हणून महिना 400 युनिट वापरणाऱ्या घराला सोलरने 300 वाचवले तर बचत मोठी, कारण उरलेले शंभर सर्वांत स्वस्त टप्प्यात बसतात. ते शंभरही वाचवायला आणखी पॅनेल लावली तर त्यांचे पैसे फार सावकाश वसूल होतात. महिना दीडशे युनिट वापरणाऱ्या आजी-आजोबांच्या घराला एक किलोवॉटच्या आसपास पुरे, त्यांना गटाच्या भरात तीन गळ्यात मारू नका. स्थिर आकार तर सोलर बसवूनही द्यावाच लागतो.

घरात न वापरता लाइनमध्ये गेलेले जास्तीचे युनिट पुढच्या महिन्याला जमा होतात, पण हिशेब 31 मार्चला मिटतो. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण तुम्ही ज्या दराने वीज घेता त्याच्या मानाने फार कमी. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसी बंद, ऊन स्वच्छ, म्हणून शिल्लक त्याच काळात साठते आणि मार्चअखेर स्वस्तात जाते. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेणाऱ्याचं नुकसान इथे होतं. बारा महिन्यांच्या वापराची बेरीज करा आणि तिच्या थोडं खालीच राहा.

आणि सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवा, कारण नंतर याच्यावरून फार नाराजी होते: लाइट गेली की ऑन-ग्रिड सोलरही बंद. कडक ऊन असलं तरी बंद. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. ज्यांना लाइट गेल्यावर पंखे हवेत त्यांनी बॅटरीचा वेगळा विचार करावा, तो खर्च वेगळा.

त्या दोन पत्र्याच्या शेडचं काम वेगळं धरा. शेडचे खांब फक्त पत्र्याच्या वजनासाठी उभे केलेले असतात, त्यांच्यावर पॅनेल आणि वाऱ्याचा ओढा पडणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. पत्र्याला भोक पाडून क्लॅम्प लावला की पहिल्याच पावसात गळती. स्ट्रक्चर शेडच्या वरून, स्वतःच्या खांबांवर न्या. त्याचा वाढीव दर त्या दोन घरांनी द्यावा. बाकीच्यांच्या काँक्रीटच्या गच्चीत वॉटरप्रूफिंग फोडून बोल्ट ठोकू देऊ नका, सिमेंटच्या ठोकळ्यांवर पाय बसवा आणि ठोकळ्यांचं वजन वाऱ्याच्या हिशेबाने काढून घ्या. म्हणूनच कोटेशन मागताना मूळ कामाचा प्रति किलोवॉट एक दर, आणि जास्त उंची, शेड, लांब केबल यांचे वेगळे दर आधीच लिहून घ्या. "माझ्याकडून जास्त का घेतले" हा वाद यानेच टळतो.

पैशांचं मात्र काटेकोरपणे करा. ठाण्यात एका वसाहतीत चांगल्या भावनेने एका गृहस्थांनी सगळ्यांचा ॲडव्हान्स स्वतःच्या खात्यात घेतला आणि कंत्राटदाराला एकरकमी दिला. काम चार महिने लांबलं. त्या गृहस्थांनी एक रुपयाही खाल्ला नव्हता, पण लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. मला ते अजून डाचतं, कारण मी तेव्हा सल्ला द्यायला होतो आणि मी त्यांना अडवायला हवं होतं. प्रत्येक घराने कंत्राटदाराशी स्वतःचा करार करावा आणि स्वतःच्या खात्यातून थेट पैसे द्यावेत, टप्प्याटप्प्याने: थोडे बुकिंगला, मोठा हिस्सा माल गल्लीत उतरून मोजल्यावर, काही यंत्रणा उभी राहिल्यावर आणि शेवटचे दहा टक्के नेट मीटर (घेतलेली आणि लाइनमध्ये सोडलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) लागून पहिलं बिल हातात आल्यावर. गटाची समिती फक्त बोलणी करेल, दर ठरवेल, मालावर नजर ठेवेल. तिने पैशाला हात लावू नये. तीन माणसं पुरे. ज्यांना कर्ज हवंय त्यांना या योजनेत बँका तीन किलोवॉटपर्यंत तारण न घेता देतात, तेही ज्याचं त्याने वेगळं.

नको म्हणणाऱ्याला नको म्हणू द्या. अठरातली अकरा आली तरी भाव जवळपास तोच मिळतो. ज्याच्या गच्चीवर दिवसभर सावली आहे त्याला मी स्वतः सांगतो, तुम्ही घेऊ नका.

इमारतीत राहणारेही हेच विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. घोडबंदर रोडच्या वीस-बावीस मजली टॉवरची गच्ची शंभर घरांना पुरत नाही. एका किलोवॉटला सावली नसलेली सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते, टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून जे उरतं तेवढंच आपलं. तिथे सामाईक मीटरवर सोलर घ्या. लिफ्ट-पंपांच्या मीटरवर महिन्याला हजारो युनिट पडतात, म्हणजे बहुतेक वापर सर्वांत महागड्या टप्प्यात, त्यामुळे पैसे लवकर वसूल होतात आणि फायदा मेंटेनन्समधून प्रत्येक घराला सारखा पोचतो. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करा. आणि एकाच संकुलात चार-पाच सोसायट्या असतील तर त्यांनी मिळून निविदा काढावी. वर सांगितलेलं जवळपास सगळं त्यांनाही लागू पडतं.

तुमच्या पहिल्या बैठकीला प्रत्येकाने गेल्या बारा महिन्यांची बिलं आणावीत आणि आधी बिलावरचं नाव बघावं. नवी मुंबईत घर दोनदा विकलं गेलं तरी बिल सिडकोच्या पहिल्या लाभार्थ्याच्या नावाने येत असतं, किंवा वारलेल्या वडिलांच्या. अनुदानासाठी अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं यांवरचं नाव जुळावं लागतं. तुमच्या अठरातली तीन-चार घरं इथेच अडतील असा माझा अंदाज आहे. त्यांनी नावबदलाचा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यावा, म्हणजे कोटेशनं येईपर्यंत ते होऊन जाईल. दुसरं, प्रत्येकाने आपल्या गच्चीचे दोन फोटो काढावेत, एक सकाळी नऊला, एक दुपारी तीनला, चारही कठडे आणि टाकी दिसतील असे. ते अठरा घरांच्या क्रमाने भिंतीवर ओळीने लावा. कोणाची टाकी कोणाच्या उन्हात येते ते मी न येताही तुम्हाला दिसेल.